गुलाबी पितळ

आमच्या घरात रविवारी संध्याकाळी दोन वास एकमेकांत मिसळलेले असायचे. स्वयंपाकघरातून आईच्या कढीच्या फोडणीचा आणि मागच्या दारातून जळलेल्या दारूचा. दारू म्हणजे बंदुकीची. हे लगेच सांगून टाकलेलं बरं, कारण लग्नानंतर नवी नवी असताना मी सासरी सहज बोलून गेले होते की आमच्याकडे दर रविवारी दारूचा वास यायचा आणि मला तो फार आवडायचा, तेव्हा सासूबाईंचा घास हातातच राहिला होता. माझे वडील, अण्णा, सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे आणि रविवारी उज्जैनच्या बाहेर एका क्लबात जाऊन हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्या बंदुकीनं फोडायचे. दुनळी बंदूक आजोबांची होती, परवाना रीतसर अण्णांच्या नावावर झाला होता. आमचे पूर्वज कुणा सरदाराबरोबर कारकून म्हणून माळव्यात आले. त्यांनी जन्मभर बोरू चालवला, तलवारीला हात तरी लावला की नाही देव जाणे, पण घरात बंदूक आहे म्हटल्यावर नातेवाइकांत आमची गणती शूर लोकांत व्हायची. खरं तर अण्णांनी उभ्या आयुष्यात एक पाखरूसुद्धा मारलं नाही. त्यांना थाळी फुटताना बघायला आवडायचं, आणि त्याहून जास्त आवडायचं ते त्याच्या नंतरचं काम.

ते काम म्हणजे रिकामी काडतुसं धुणं. त्या काळी आमच्यासारख्या माणसाला विकतची काडतुसं मिळणं अवघड असायचं, म्हणून पितळी काडतूस एकदा झाडलं की त्याची रिकामी नळी जपून घरी आणायची, साफ करायची आणि पुन्हा भरायची. आमच्या घरात त्यांना नळ्याच म्हणायचे. एका बाजूनं उघड्या, दुसऱ्या बाजूला बूड, आणि बुडाच्या मधोमध ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवायची जागा. आईनं भैरवगढच्या छापाच्या कापडाची एक थैली शिवली होती, लाल जमिनीवर काळी वेल. अण्णा क्लबातून आले की ती थैली आधी मागच्या दारी ठेवायचे, मग चपला काढायचे. थैली घेऊन घरातून जायचं नाही, बोळातून वळसा घालून परसात यायचं, हा त्यांचा नियम होता. आणि नियम म्हटला की अण्णांच्या अंगात यायचं.

नळ्यांची बादली वेगळी, ब्रश वेगळा, कपडाही वेगळा. त्या बादलीवर अण्णांनी लाल रंगानं मोठी फुली मारली होती आणि ती बादली कुणी चुकूनही आंघोळीला किंवा कणीक भिजवायच्या पाण्याला घेतली तर जेवणावर पाणी. झाडलेल्या टोपीत आणि छर्ऱ्यांत असतं ते विष आहे, ते पोटात गेलं की निघत नाही, असं ते सांगायचे. म्हणून कोरड्या नळ्या घासायच्या नाहीत, धूळ उडते, ती नाकात जाते. आधी पाण्यात बुडवायच्या. त्याच्याही आधी प्रत्येक नळी हातात घेऊन टोपी झाडलेली आहे ना ते बघायचं. बुडाला बंदुकीच्या घोड्याच्या खिळ्याचा खड्डा दिसला पाहिजे. न झाडलेली सापडली तर तिला हात न लावता अण्णांना हाक मारायची. मग झाडलेली टोपी ठोकून काढायची, गरम पाणी, साबण, ब्रशानं आतली काळी राख काढायची, आणि डाग राहिलेच तर लिंबाच्या पाण्यातून काढायच्या. लिंबाचं पाणी मात्र थोडा वेळ, गॅलरीत उभं राहून एक कप चहा संपेपर्यंत, तेवढाच. बाटलीतलं उग्र वासाचं पितळेचं पॉलिश तर घरात आणायचीच बंदी होती. मग चांगल्या पाण्यानं दोनदा धुऊन उन्हात चादरीवर उपड्या मांडायच्या. बादलीतलं पाणी बागेत नाही, तुळशीत तर नाहीच, भिंतीपलीकडच्या खड्ड्यात. आणि शेवटी कोपरापर्यंत हात साबणानं धुऊन आईला वास दाखवायचा, तेव्हा कुठे ताट मिळायचं.

हे सगळं मी शाळेत असल्यापासून अण्णांबरोबर करत आले. भाऊ नव्हता म्हणून मला शिकवलं असं लोक म्हणायचे, पण माझी समजूत अशी आहे की भाऊ असता तरी त्याला शिकवलं नसतं, कारण मला गप्प बसून काम करता यायचं. नळ्या वाळल्या की तपासणी. मी एकेक नळी सूर्याकडे धरायची, तोंडाशी केसाएवढी चीर आहे का बघायची, आतून बुडाच्या छिद्रातून उजेड येतो का बघायचं, पितळेचा रंग बघायचा. मग अण्णा ती घेऊन नखानं टिचकी मारायचे. धड नळी टण्ण वाजते, चिरलेली बद्द वाजते. संध्याकाळी मंदिरांच्या आरत्या सुरू व्हायच्या, त्या घंटा लांबून यायच्या, आणि आमच्या परसात ही बारीकशी टणटण चाललेली. अण्णांनी एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी सांगितली होती. ज्यानं बघितलं त्याचा शब्द शेवटचा. बघणाऱ्यानं नाही म्हटलं तर ती नळी गेली, मग तो कुणी का असेना, त्याच्याशी वाद घालायचा नाही.

आता माझ्या दिराची नात इंदूरला नेमबाजी शिकते. मागच्या महिन्यात ती घरी आली होती तेव्हा मी तिला विचारलं की तुम्ही नळ्या कशा धुता. तिला प्रश्नच कळला नाही. त्यांची काडतुसं प्लास्टिकची असतात, झाडली की ढिगात टाकून द्यायची. कुठे कुठे अजून पितळेची भरतात, त्यांच्यासाठी म्हणे आता गरगर फिरणारं यंत्र निघालंय, मक्याच्या कणसाचा भुसा घालून त्यात नळ्या टाकायच्या, आपोआप चकचकीत होतात. तिनं मोबाइलवर मला ते दाखवलं. मी एवढंच विचारलं की आणि मग उजेडात धरून बघतं कोण? ती हसली, म्हणाली, आजी, तू पण ना. मी तिला शेव वाढली आणि विषय सोडून दिला.

ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे त्या वर्षी मी कॉलेजात होते आणि अभ्यासामुळे नळ्या धुणं अण्णांवरच सोडून दिलं होतं. अण्णांमध्ये काहीतरी बदललं होतं, पण घरात रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. सकाळी पेपर वाचायचं त्यांनी सोडून दिलं होतं, म्हणायचे की त्यात फालतू बातम्याच असतात. भातात खडा लागला तर आईला बोलायचे नाहीत, पूर्वी बोलायचे. ऑफिसातून घरी नकाशे आणून रात्री बारीक रेघा मारत बसायची त्यांची सवय सुटली, आता त्यांच्या हाताखालचा एक पोरगा ते करतो असं सांगायचे. आणि नळ्या तपासताना ते माझ्या बघण्याची वाट न बघता आधी टिचकीच मारायला लागले होते. कान तयार झाला की डोळ्याचं काम उरत नाही, असं त्यांनी एकदा मला सांगितलं आणि मी मान डोलावली. मला तर उलट कौतुक वाटलं होतं.

नवरात्र आलं. आमच्याकडे अष्टमीला सवाष्ण आणि कुमारिका जेवायला असायच्या, नवमीला शस्त्रपूजा आणि दसऱ्याला दुपारी क्लबात वर्षातली मोठी नेमबाजी. शस्त्रपूजा म्हणजे आमच्या घरची शस्त्रं: बंदूक, अण्णांच्या नकाशाच्या पट्ट्या आणि कंपास, आईची विळी, शिवणाचं मशीन, माझी पेनं. आणि धुऊन चकचकीत केलेल्या नळ्या, पाटावर ओळीनं उभ्या. नवमीला ज्याची पूजा केली त्याला त्या दिवशी हात लावायचा नाही, कामाला जुंपायचं नाही, अशी रीत. म्हणजे विळीचीसुद्धा सुट्टी, त्यामुळे भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. दसऱ्याला सकाळी हळदकुंकू पुसून सगळं पुन्हा कामाला लागायचं. अण्णा दसऱ्याच्या सकाळीच नळ्या भरायचे आणि दुपारी क्लबात घेऊन जायचे. त्या दिवशी त्यांना वर्षभराच्या सोबत्यांसमोर उभं राहायचं असायचं.

नवमीला सकाळी मी देवघरात आले तर नळ्या इतक्या झगमगत होत्या की मी बघतच राहिले. समईच्या उजेडात त्यांच्यावर तांबूस झळाळी होती. अण्णांनी प्रत्येक नळीला बोटानं चाचपत हळदकुंकू लावलं, आणि मला वाटलं की तो तांबूसपणा कुंकवाचा. आई मागे पदर खोचून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं, सवाष्णींनी तिच्या भुट्ट्याच्या, म्हणजे कोवळ्या मक्याच्या किसाचं कौतुक केलं तेव्हा होतं तसलंच. अण्णा म्हणाले की यंदा नळ्या सोन्यासारख्या झाल्यात. आईनं समईची वात सारखी केली.

दसऱ्याला सकाळी स्वयंपाकघरात श्रीखंडाचा चक्का फडक्यात टांगलेला होता, त्याचं पाणी टपटप पातेल्यात पडत होतं. मी परसात चादर घातली, नळ्या आणल्या आणि ओल्या फडक्यानं कुंकू पुसायला बसले. पहिल्या नळीचं कुंकू पुसलं. तांबडेपणा गेला नाही. मी पुन्हा पुसलं, मग साबण लावला. ऊन चांगलं कोवळं होतं, अशा उन्हात रंग लपत नाही. नळी गुलाबी होती. पितळ पिवळं असतं, थोडं हिरवट पिवळं. ही तांब्याच्या गडूच्या रंगाची, पण फिक्कट. मी दुसरी पुसली, तिसरी पुसली, सगळ्या तशाच. एकीच्या तोंडाशी मी अंगठा दाबला तर कडेला बारीक रेघ उमटली आणि ती खाली सरकली.

हा रंग काय असतो ते अण्णांनीच मला शिकवलं होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात ते फार वेळ राहिलं की जस्त निघून जातं आणि तांब्याचा नुसता पोकळ सांगाडा मागे राहतो. दिसायला सुंदर, पण आतून ठिसूळ. अशी नळी भरून झाडली तर फाटू शकते, आणि फाटली की जाळ मागे येतो, झाडणाऱ्याच्या तोंडावर. गुलाबी नळी हातात आली तर विचार नको करू, फेकून दे, असं ते म्हणायचे. आणि त्याच गुलाबी नळ्या घेऊन ते दुपारी क्लबात जाणार होते.

अण्णा बाहेर आले, बाजेवर बसले आणि सवयीनं एक नळी उचलून त्यांनी टिचकी मारली. टण्ण वाजली. मी म्हटलं की अण्णा, या भरता येणार नाहीत, सगळ्या आंबल्यात. त्यांनी आणखी एक वाजवली. तीही टण्ण वाजली. ते जरा चिडून म्हणाले की काहीतरी बोलू नको, नळ्या एकदम धड आहेत, मला कान आहेत. मला वाटलं की ते नीट बघत नाहीयेत, एवढंच. म्हणून मी आत गेले आणि त्यांच्या टेबलावर पेन्सिली ठेवायला वापरत असलेली एक जुनी नळी घेऊन आले, तिला कधी आंबट लागलं नव्हतं. ती पिवळी आणि ही गुलाबी, दोन्ही त्यांच्या दोन हातांत दिल्या. आता तरी कळेल, अशी माझी समजूत. शेजारी शेजारी धरल्यावर लहान मुलानंही ओळखलं असतं.

अण्णांनी दोन्ही नळ्या डोळ्यांजवळ नेल्या. मग उन्हाकडे धरल्या. मग पुन्हा जवळ नेल्या, अगदी नाकापाशी. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"दोन्ही सारख्याच तर आहेत," ते म्हणाले.

पेपर, भातातला खडा, नकाशे, टिचकी, सगळं त्या एका क्षणात एका ओळीत उभं राहिलं आणि मला रडायला यायला लागलं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी गप्प बसावंसं वाटलं. काहीतरी निमित्त करावं, थैली पळवावी, चुलत्यांकडे निरोप धाडावा. पण ते नळी खाली ठेवून टोप्यांची डबी उघडायला लागले होते. चाचपतच उघडत होते, तेही मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"अण्णा," मी म्हटलं, "बघितलं कुणी? मी बघितलं. मी नाही म्हणतेय."

त्यांचे हात थांबले. ते रागावतील असं मला वाटलं, आणि ते रागावलेही. कपाळाची शीर फुगली. पण तो नियम त्यांचाच होता आणि अण्णा दुसऱ्याला शिकवलेला नियम स्वतःसाठी वाकवणाऱ्यांपैकी नव्हते. बोळातून एक तांगा गेला, घोड्याच्या टापा लांब जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कोणता रंग आहे?"

"गुलाबी."

"सगळ्या?"

"सगळ्याच."

आई दारात येऊन उभी होती. तिच्या हाताला चक्का लागलेला होता. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ती जी बोलायला लागली ती थांबेचना. अण्णांनी धुतलेल्या नळ्या आता काळ्याच राहतात हे तिनं केव्हाच बघितलं होतं. अण्णा ऑफिसात आणि मी कॉलेजात गेले की ती फुलीची बादली काढायची आणि नळ्या पुन्हा धुऊन लिंबाच्या पाण्यातून काढून होत्या तशा थैलीत ठेवायची. कुणाला कळू द्यायचं नव्हतं. अष्टमीला लिंबं सरबताला लागली, म्हणून देवाची भांडी काढायला भिजवलेलं चिंच-मिठाचं पाणी होतं त्यातलं थोडं एका मातीच्या कुंड्यात घेऊन तिनं नळ्या त्यात टाकल्या. जरा वेळानं काढीन म्हणाली, तेवढ्यात कुमारिका आल्या, पाय धुणं, औक्षण, पानं वाढणं, आणि नळ्या पार विसरल्या. पहाटे उठून काढल्या तर देवाच्या भांड्यांपेक्षा चकचकीत. तिला बिचारीला आनंद झाला की नवऱ्याच्या नळ्या यंदा चारचौघांत उठून दिसतील.

"अहो, मी तुमचं नुकसान केलं," ती म्हणाली. "पण मी तरी काय करू? तुम्हाला दिसत नाहीये, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? तुमचं कामच डोळ्याचं."

ती रडत होती, आणि हात खराब म्हणून तिला डोळेही पुसता येत नव्हते. अण्णांनी बाजेवरून उठून स्वतःच्या उपरण्यानं तिचे डोळे पुसले. आमच्या घरात नवरा-बायकोनं मुलीसमोर एकमेकांना हात लावायची पद्धत नव्हती, म्हणून मी मान वळवली. ते तिला म्हणाले की नुकसान कसलं, तू त्या धड धुतल्या असत्यास तर मी आज भरून गेलो असतो, पुढच्या रविवारीही गेलो असतो, आणि कधीतरी चिरलेली नळी भरून बसलो असतो. मग त्यांनी मला हातोडी आणायला सांगितली. धुण्याच्या दगडावर एकेक नळी आडवी ठेवून, बोटानं जागा ठरवून, त्यांनी सगळ्या चपट्या केल्या, म्हणजे पुन्हा कुणी भरू शकणार नाही. आई आत गेली आणि ज्या कुंड्यात नळ्या भिजल्या होत्या ते मातीचं कुंडं आणून तिनंही फोडलं. काम झाल्यावर दोघांनी कोपरापर्यंत हात धुतले.

मला वाटलं, आता क्लब नाही. पण अण्णांनी जेवण झाल्यावर इस्त्रीचा सदरा मागितला. बंदूक कपाटातच ठेवली आणि मला म्हणाले की चल. आम्ही बसनं गेलो. तिथं बरीच माणसं जमली होती, आपट्याची पानं देणं-घेणं चाललं होतं. अण्णांचे जुने सोबती चौहानसाहेब पुढे आले, निवृत्त पोलिस अधिकारी, दांडगा माणूस, मिशा पिळलेल्या. बंदूक कुठेय म्हणून त्यांनी विचारलं. अण्णांनी सांगितलं की नळ्या आंबल्या. चौहानसाहेब मोठ्यानं हसले, म्हणाले की एवढंच ना, आणि आपली बंदूक आणि भरलेल्या काडतुसांचा पट्टा त्यांनी अण्णांच्या पुढे धरला. चांगली, पिवळीधमक काडतुसं होती. मी ती बघितली, एकही वाईट नव्हतं. अण्णांनी हात पुढे केला असता तर मला नाही म्हणायला काही कारण उरलं नव्हतं.

अण्णांनी पट्ट्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून ते बोलले.

"कारतूस की बात नहीं है, चौहान. मुझे थाली नहीं दिखती. पिछले कितने दिनों से मैं मशीन की आवाज़ पे चला रहा हूँ."

थाळ्या उडवणारं यंत्र स्प्रिंगचं होतं, सुटताना खाड्‌ करून वाजायचं. त्या आवाजावरून अण्णा अंदाजानं बार काढत होते, आणि अधूनमधून एखादी थाळी फुटतही होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. चौहानसाहेबांना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी अण्णांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि पट्टा हळूच परत घेतला. भरलेल्या बंदुका घेऊन उभ्या असलेल्या माणसांमध्ये, आपल्याला दिसत नव्हतं आणि आपण झाडत होतो, हे स्वतःहून सांगणं किती अवघड असेल ते मला तेव्हा अर्धंच कळलं. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठी आहे. गाडी चालवायचं सोडून द्या असं पोरं मला सांगतात आणि मी फणकारते, तेव्हा मला अण्णांचा पट्ट्यावर ठेवलेला तो हात दिसतो. मग मी किल्ली देऊन टाकते, पण कुरकुर केल्याशिवाय नाही.

पुढं डॉक्टरांना दाखवून झालं, मोतीबिंदू निघाला, त्याच्या मागे काचबिंदूही निघाला. एका डोळ्याला थोडं यश आलं. ऑफिसात त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं, साहेब भला होता, त्यांना कागदपत्रांच्या कामावर बसवलं. पण ते सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी परतताना बसनं आम्हाला देवास गेटला उतरवलं. दसऱ्याची गर्दी, तांग्यांची घंटी, कंडक्टरांचं इंदौर-इंदौर ओरडणं, रस्ताभर झेंडूचा चुरा. अण्णा रस्त्यात नेहमी आमच्या पुढं दोन पावलं चालायचे. मी लहान असताना त्यांचं बोट धरायला गेले तर सोडवून घ्यायचे, म्हणायचे, सरळ बघून चाल, काही होत नाही. त्या दिवशीही ते पुढं झाले, रस्त्याच्या कडेशी आले आणि थांबले. मला वाटलं बस जाऊ देताहेत. बस गेली, तांगा गेला, सायकलवाले गेले, रस्ता मोकळा झाला, तरी ते उभेच. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

त्यांनी माझ्याकडे न बघता हात बाजूला केला, तळवा वर.

"कुंदे, हात धर," ते म्हणाले. "आणि काय काय आहे ते सांगत चल."

मी हात धरला. तो थंड होता आणि त्याला अजून साबणाचा वास येत होता. "आता काही नाहीये, अण्णा," मी म्हटलं, "रस्ता रिकामा आहे. चला."